भाजी निवडता निवडता

टेंभी नाक्याजवळ आम्ही रात्रीचा साक्षरता वर्ग घेत होतो. तिथे एक बाई येत. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून त्या येत. बरोबर साडेतीन वर्षांची मुलगी असे. एके दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, मलाच अजून धड वाचता येत नाही. मी पोरीला काय शिकवणार? ती शाळेत गेली की बाई शिकवतील."

आम्ही विचारले, "आज भाजी कोणती केलीत?"

"मेथीची."

"निवडताना मुलगी कुठे होती?"

"जवळच होती. सारखी मध्ये मध्ये करत होती. शेवटी मोबाईल दिला हातात, तेव्हा गप्प बसली."

मंडळी, ती मुलगी मध्ये मध्ये करत नव्हती. ती शिकायला आली होती. हा धडा त्यासाठीच आहे.

अंगणातली शाळा

आधी एक खरी हकीकत ऐका. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केले. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ ताराबाईंच्या जोडीला होत्या. गावात बालवाडी निघाली, पण गरिबांची मुले तिथे येईनात. मग ताराबाईंनी काय केले? मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. म्हणून तिचे नाव पडले अंगणवाडी.

महागडी खेळणी आणायला पैसा कुठून आणायचा? शिंपले, खडे, बिया आणि झाडाची पाने हीच तिथली खेळणी झाली. मुले ती मोजत, लावत, वेगळी करत. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता सांगा, शिंपल्यांवर मूल शिकते, तर मेथीच्या काड्यांवर का शिकणार नाही?

रोजच्या कामातले खेळ

भाजी निवडताना मुलाला जवळ बसवा. "पाने या ताटात, काड्या त्या ताटात," असे सांगा. त्याची बोटे कामाला लागतात. हीच बोटे उद्या पेन्सिल धरणार आहेत. कांदे आणि बटाटे एकत्र करा व वेगळे करायला द्या. मोठा कांदा कोणता, लहान कोणता, हे विचारा.

धुतलेले कपडे घडी करताना म्हणा, "बाबांचा सदरा कोणता? तुझा कोणता?" पायमोज्यांच्या जोड्या लावायला द्या. जोडी ओळखणे म्हणजे सारखे काय आणि वेगळे काय हे पाहणे. पुढे अक्षरे ओळखताना हेच करावे लागते. 'घ' आणि 'ध' यांत फरक काय, हे तुम्हीही नुकतेच शिकलात ना?

जांभळी नाक्यावर भाजी आणायला जाता, तेव्हा मुलाचा हात धरा आणि बोलत चला. कारले खरखरीत, दुधी गुळगुळीत. लिंबे मोजून पिशवीत टाकायला सांगा.

हे काम एकट्या आईचे नाही, बरे का! बापाने सुट्टीच्या दिवशी मुलाला मासुंदा तलावावर न्यावे. होड्या दाखवाव्या. कधी ठाणे स्टेशनावर न्यावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यास आली. तिला १४ डबे होते. आजच्या लोकलला किती, ते दोघांनी मिळून मोजावे. कधी १२ भरतील, कधी १५. फलाटाच्या कडेपासून मात्र दूर उभे राहावे आणि हात सोडू नये.

रात्री गोष्ट सांगा. पुस्तक लागत नाही. तुमच्या गावची, तुमच्या आजीची गोष्ट सांगा. मध्येच थांबा आणि विचारा, "मग काय झाले असेल?" मूल जे सांगेल ते ऐका. हसू नका.

मोबाईलचे काय?

मोबाईल दिला की मूल गप्प बसते, हे खरे. पण गप्प बसलेले मूल बोलायला कसे शिकणार? दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एक तासाहून जास्त पडदा पाहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. तास कमी असेल तितके बरे. वर्षाच्या आतल्या बाळाला तर तो मुळीच नको.

सांभाळा

मूल तीन वर्षांच्या आतले असेल, तर वाटाणे, शेंगदाणे, बिया त्याच्या हाती देऊ नका. नाकात जातात, घशात अडकतात. विळी आणि चूल दूर ठेवा. पाण्याने भरलेल्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका.

आमची चूक

आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो. शेकडो मुलांना बाराखडी शिकवली. पण आमचा मुलगा लहान असताना संध्याकाळी जवळ आला, की आम्ही म्हणत असू, "गप्प बस, वह्या तपासतो आहे." पुढे तो खरोखरच गप्प बसू लागला. आज तो मोठा आहे, भला आहे. पण आमच्याशी कामापुरतेच बोलतो. वह्या तपासून संपल्या, ते दिवस काही परत आले नाहीत. तुम्ही असे करू नका.

त्या बाई महिन्याने म्हणाल्या, "गुरुजी, भाजीला आता जरा जास्त वेळ लागतो. पण पोरगी दहापर्यंत मोजते." मग हळूच म्हणाल्या, "आणि मला विचारते, आई, मेथी कशी लिहायची?"

त्या दिवशी त्यांनी पाटीवर पहिल्यांदा 'मेथी' लिहिले. मुलीला दाखवण्यासाठी पाटी घरी नेली.

करून पाहा

१. उद्या घरातले कोणते काम मुलाला बरोबर घेऊन कराल? त्याचे नाव लिहा.
२. ते करताना मुलाला कोणते दोन प्रश्न विचाराल?
३. मुलाने तुम्हाला काय विचारले? ते वर्गात येऊन सांगा.