वेगाचे माप



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कासारसाईचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन मजकडे आले. उसाच्या बिलाची रक्कम हाती आली होती व तीतून मुलीस संगणक घेऊन द्यावा, असा त्यांचा मानस होता. मुलीने त्याच वर्षी तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला होता. दोन संगणकांची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, "सर, यांतला वेगवान कोणता?" मी दोन्ही कागदांवरील प्रोसेसरचा आकडा पाहिला, मोठ्या आकड्यावर बोट ठेवले आणि त्यांस निरोप दिला. या सर्वास अर्धे मिनिटही लागले नसेल.

पुढे कळले की, आराखडे काढण्याचे मुलीचे काम त्या यंत्रावर रखडत चालते. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या घाईचा होता. त्या गृहस्थांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच तो प्रसंग मनातून जात नाही. जे उत्तर तेव्हा नीट दिले नाही, ते आज सर्वांसमक्ष देण्याचा यत्न करतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आज्ञा पाळणारा व गणिते करणारा भाग. त्याचे काम घड्याळाप्रमाणे ठोक्याठोक्याने चालते. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास 100 कोटी ठोके. माझे बोट ज्यावर गेले तो आकडा या ठोक्यांचा होता. परंतु एका ठोक्यात काम किती होते, हे तो आकडा सांगत नाही. लहान मूल भरभर पावले टाकते व त्याचा बाप सावकाश ढांगा टाकतो. तरी वाट आधी कोणाची सरते, हे आपण रोज पाहतो.

आता हिशेब करू. 'अ' प्रोसेसरचे सेकंदास 300 कोटी ठोके आहेत व दर ठोक्यास तो एक आज्ञा पाळतो. 'ब' चे ठोके 200 कोटीच, परंतु दर ठोक्यास तो दोन आज्ञा पाळतो. काम 1200 कोटी आज्ञांचे आहे. 'अ' सेकंदास 300 कोटी आज्ञा पाळील व 4 सेकंदांत काम संपवील. 'ब' 400 कोटी आज्ञा पाळून 3 सेकंदांतच मोकळा होईल. ठोके कमी असून जिंकला तो 'ब'.

एवढ्यानेही विषय संपत नाही. कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचा हंगाम आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. गाळप करणारी यंत्रे कितीही मोठी असोत, तोड थांबली, वाटेत गाड्या अडकल्या व गव्हाणीत ऊस पडला नाही, तर ती रिकामी फिरतात. संगणकाची गव्हाण म्हणजे त्याची स्मृती. तिच्यातून माहिती वेळेवर आली नाही, तर प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. एखाद्या कामास 10 मिनिटे लागतात व त्यांतील 6 मिनिटे गणितात, तर 4 मिनिटे माहिती आणण्यात जातात असे समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तर 6 ची 3 होतील. 4 ची 4 च राहतील. एकूण 7 मिनिटे लागतील, 5 नव्हे. माझ्या हातून नेमके हेच निसटले. मी निवडलेल्या यंत्रात ठोके अधिक, पण स्मृती तोकडी होती.

मोठ्या यंत्रांसही हाच नियम लागू आहे. याचा दाखला पुण्यातच मिळतो. स्वदेशी महासंगणक घडविण्यासाठी 1988 साली येथे सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 साली 'परम 8000' सिद्ध केला. त्यात ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. पुढील 'परम 8600' मध्ये इंटेल कंपनीच्या आय-860 या प्रोसेसरची भर पडली.

कागदावर दोहोंची तुलना अगदी सोपी वाटते. टी-800 जातीचा ट्रान्सप्युटर सेकंदास दशांश अपूर्णांकांची सुमारे 15 लाख गणिते करी. आय-860 ची कमाल मर्यादा 8 कोटी सांगितली जाई. म्हणजे जवळजवळ 53 पट! परंतु आय-860 कडून ते काम काढून घेणे फार अवघड होते. आज्ञांची रांग अचूक लागली व माहितीचा पुरवठा अखंड राहिला, तरच तो पुरता वेग घेई. निष्णातांनी स्वहस्ते आज्ञा रचल्या तरी सुमारे 4 कोटींपर्यंत मजल जाई, आणि नेहमीच्या साधनांनी तयार केलेल्या प्रोग्रामांना 1 कोटी गाठणेही जड जाई. 53 पटींचे असे सातांहून कमी पट उरले. उलट ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी निरोपांची देवघेव करण्यासाठी चार जोडमार्ग जन्मतःच दिलेले होते. म्हणून 'परम 8600' मध्ये दोघांनाही स्थान मिळाले: अवजड गणित आय-860 कडे, निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरकडे. "श्रेष्ठ कोण?" या प्रश्नाला "कोणत्या कामासाठी?" ही जोड दिल्यावाचून उत्तरच नाही.

तात्पर्य, तुलना करावयाची तर ती न्यायाने करावी. दोन्ही यंत्रांना एकच काम द्यावे, आणि ते आपण प्रत्यक्ष करणार असू तेच असावे. दोन्ही विजेच्या जोडणीवर असावीत. एक जोडणीवर व दुसरे बॅटरीवर, असे नसावे. काम एकदाच करून न थांबता पाच वेळा करावे व लागलेल्या वेळांपैकी मधली वेळ धरावी. यंत्र तापले की पुष्कळदा आपला वेग आपणच उतरवते; म्हणून अर्ध्या तासानंतर पुन्हा मोजावे. विक्रेत्याच्या कागदावरील आकडा खोटा असतोच असे नाही, परंतु तो आपल्या प्रश्नाचे उत्तर असेलच असेही नाही.

पालकांस एवढेच विनवितो की, खरेदीस निघताना मुलगा वा मुलगी त्या यंत्रावर कोणते काम करणार, हे आधी एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे व दुकानात तेच काम करवून पाहावे. शाळेच्या संगणकांवर अशी परीक्षा मांडण्यास मी विद्यार्थ्यांसह केव्हाही तयार आहे.

त्या कन्येच्या यंत्रात पुढे आम्ही स्मृती वाढवून घेतली. प्रोसेसर तोच राहिला. आराखडे मात्र आता अडत नाहीत. वाढीव स्मृतीचे पैसे देण्याचा हट्ट मी धरला, तेव्हा तिचे वडील हसून म्हणाले, "सर, गव्हाण आमची, ऊसही आमचाच घालू द्या."