देशांतरी गेलेल्यांची नावे : काळ्या पाण्याच्या कागदांचे वाचन

'काळे पाणी' म्हटले की मराठी वाचकाला अंदमान आठवते, आणि अंदमान म्हटले की सावरकरांची 'माझी जन्मठेप'. हे स्वाभाविकच आहे. पण या एका आठवणीने मनातला नकाशा फार लहान करून ठेवला आहे. ज्यांच्या घरातला एखादा खापरपणजोबा सरकारने समुद्रापार धाडला होता, अशी माणसे त्याचा माग काढायला निघाली की आधी सेल्युलर जेलच्या यादीत त्याचे नाव पाहतात. तो तुरुंग १८९६ मध्ये बांधायला घेतला आणि १९०६ मध्ये पुरा झाला. सत्तावन्नच्या कैद्याने तिथे शिक्षा भोगणे शक्यच नव्हते.

या लेखात असा शोध कसा करावा हे मी क्रमाने मांडणार आहे. माझे मुख्य म्हणणे एकच आहे. हा शोध इतिहासाचा वाटला तरी त्यातली निम्मी कामगिरी भाषेची आहे. पूर्वज कागदात असतोच असे नाही. पण असला तर त्याचे नाव आपण घरात उच्चारतो तसे लिहिलेले नसते. ते कानाने ओळखावे लागते. म्हणून मराठीच्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने हे काम परके मानू नये.

सालावरून बेट

पहिली पायरी सालाची. अंदमानातली इंग्रजांची पहिली वसाहत १७९६ मध्ये उठली. त्यानंतर थेट १८५८ च्या मार्चमध्ये डॉ. वॉकर यांच्या ताब्यात दोनशे कैदी तिथे उतरले. मधल्या साठ वर्षांत हद्दपारीची शिक्षा झालेला माणूस अंदमानात गेलेला नसतो. तो पिनांग, मलाक्का किंवा सिंगापूरला, सुमात्रातील बेंकूलेनला, ब्रह्मदेशातील तेनासरीम वा आराकानला, मॉरिशसला, नाहीतर १८३९ नंतर एडनला गेलेला असतो. सिंगापुरात हिंदी कैदी १८२५ पासून होते. तिथले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांच्याच हातांनी उभे राहिले. मॉरिशसला १८१५ पासून सुमारे दोन दशके बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून कैदी जात होते. १८३६ मध्ये तिथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनने त्यांना रस्त्याच्या कामावर पाहिले आहे.

मॉरिशसच्या बाबतीत एक भेद नीट ध्यानात ठेवावा. तिथला आजचा मराठी समाज मुख्यतः नंतरच्या गिरमिटिया मजुरांचा आहे. त्या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. करारावर गेलेला मजूर आणि शिक्षेवर गेलेला कैदी यांचे कागद वेगळे, खातीही वेगळी. एकाला दुसऱ्याच्या वहीत शोधू नये.

ही वाहतूक एकाच दिशेने चालत नव्हती. पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतले चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात आणले जात. महाबळेश्वरात त्यांच्यासाठी तुरुंग होता आणि तो १८६४ पर्यंत चालला. तिथल्या भाजीपाल्याच्या मळ्यांच्या इतिहासात या चिनी कैद्यांचे नाव येते. आपला माणूस सिंगापुरात रस्ते बांधत होता, त्याच काळात त्यांचा माणूस सह्याद्रीवर बटाटे लावत होता. दोघांच्याही गावी त्यांची वाट पाहणारे कोणीतरी असणारच.

खटला कोणाचा, दफ्तर कोणाचे

दुसरी पायरी दफ्तराची. माळव्यात ती जरा अवघड आहे, कारण इथे संस्थाने होती. मुंबई इलाख्यातल्या माणसाचा खटला इंग्रजी न्यायालयात चाले आणि त्याचे कागद न्यायखात्याच्या खंडांत जात. ते खंड आज मुंबईला एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात पाहावेत. संस्थानी प्रजेचे प्रकरण मात्र पोलिटिकल एजंट, इंदूरची रेसिडेन्सी आणि हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्रखाते या मार्गाने वर चढे. त्यामुळे धार किंवा देवासचा कैदी 'न्याय' या मथळ्याखाली न सापडता 'परराष्ट्र' या मथळ्याखाली सापडण्याचा संभव अधिक. हे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथल्या पुष्कळ नोंदी 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतात. अंदमानसाठी गृहखात्यात पुढे पोर्ट ब्लेअरची वेगळी शाखाच झाली.

तिरल्याचे उदाहरण घेऊ. धारच्या पश्चिमेला, अमझेऱ्याच्या वाटेवरचे हे गाव. १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला आणि महिनाअखेर किल्ला घेतला. संस्थान जप्त झाले. १८६० मध्ये ते आनंदराव पवारांना परत मिळाले. शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिली गेली आणि अमझेरा शिंदे सरकारकडे गेला. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या आत या टापूतला कारभार धार, अमझेरा, भोपावरची एजन्सी, इंदूर आणि ग्वाल्हेर एवढ्या हातांतून फिरला. त्या धामधुमीत पकडलेल्या एखाद्या शिपायाचा किंवा पाटलाचा कागद यांपैकी कोणत्याही दफ्तरात पडलेला असू शकतो. म्हणून 'गाव कोणते' याबरोबरच 'त्या महिन्यात ते गाव कोणाच्या अमलाखाली होते' हेही विचारावे.

नाव ऐकणे

आता भाषेचा भाग. कैद्याने नाव सांगितले ते मराठीत, माळवीत किंवा भिलीत. ते ऐकले बहुधा उर्दू-फारसी जाणणाऱ्या कारकुनाने. त्यावरून इंग्रजी प्रत झाली आणि जहाजावर चढताना तिची पुन्हा नक्कल झाली. अशा प्रवासात नाव तेच राहिले तर नवल. उमाजी नाइकांचे चरित्र कॅप्टन मॅकिन्टॉशने १८३३ मध्ये छापले. त्याच्या मुखपृष्ठावर नाव आहे 'ऊमिया नाईक'. सरकारने ज्याला पकडण्यासाठी रान पालथे घातले त्याच्या नावाची ही गत, तर सामान्य कैद्याचे काय झाले असेल!

गावांच्या नावांचेही तसेच. महूच्या इंग्रजी अक्षरांवरून 'महू' हा उच्चार कोणालाही सुचणार नाही. ठाणे 'टन्ना' झाले, पुणे 'पूना'. शिंद्यांचे 'सिंदिया' झाले आणि पवारांचे 'पुआर', 'पोवार', 'पोनवार'. तिरला शोधताना 'तीरला', 'टिरला', 'तुरला', 'तिरल्ला' असे सगळे पर्याय धरावे लागतात, कारण त्या काळी 'अ'साठी इंग्रजी 'यू' आणि 'ई'साठी दुहेरी 'ई' लिहिण्याचा प्रघात होता.

काही शब्द तर सरळ चकवा देतात. 'कोळी' ही जात आणि 'कुली' हा मजूर ही दोन्ही जुन्या इंग्रजी कागदांत एकाच स्पेलिंगने येतात. 'मराठा' असे जातीच्या रकान्यात लिहिले असले तर ती जात समजू नये. दक्षिणेकडून आलेल्या कोणत्याही मराठीभाषकाला कारकून तसे लिहून मोकळा होई. 'नाईक' हे आडनाव नसून मान किंवा हुद्दा असतो. मोडी कागदात 'अमुक बिन तमुक' असे असते. इथे 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', आणि हिंदू कुणब्याच्या नावातही तो सर्रास येतो. हेच नाव मलायातल्या वहीत वाचणारा आजचा वाचक त्या माणसाला मुसलमान ठरवील. बाईच्या नावापुढचा 'कोम' म्हणजे 'ची बायको'. तो ओळखला नाही तर नवऱ्याचे नाव बापाला चिकटते.

नाव निसटले तरी शरीर राहते. कैद्यांच्या याद्यांत उंची, वय आणि अंगावरच्या खुणा दिलेल्या असतात. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत तर १८४९ पर्यंत जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदला जाई. पुढच्या काळात गळ्यातला बिल्ला आला. त्यावर नावापेक्षा क्रमांक आणि सुटकेचे साल महत्त्वाचे. सावरकरांच्या बिल्ल्यावर ते साल १९६० होते.

सनाचे गणित

मोडी कागदावर इसवी सन नसतो. माळव्यात विक्रम संवत, मराठी दफ्तरात शके आणि सुहूर सन अशी सरमिसळ असते. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहितात. 'समान खमसैन मयातैन व अलफ' म्हणजे आठ, पन्नास, दोनशे आणि हजार, एकूण १२५८. हा सन मृगाला सुरू होतो. जून ते डिसेंबरच्या कागदात ५९९ मिळवावेत आणि जानेवारी ते मेच्या कागदात ६००. म्हणजे १२५८ हा जून १८५७ ते मे १८५८ चा सन झाला. हेच वर्ष शके १७७९ आणि संवत १९१४ म्हणून भेटेल, मात्र प्रत्येकाचा पाडवा वेगळा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडून लिहीत नाहीत, हेही वाचताना लक्षात ठेवावे.

तीन साक्षी

एवढे करून एखादे नाव जुळले की मन लगेच धावते. तिथेच थांबायला हवे. माझा नियम असा : नावाचा ध्वनी, बापाचे नाव आणि गाव किंवा परगणा, या तीन साक्षी जुळल्याशिवाय तो माणूस आपला मानायचा नाही.

हा नियम मला माझ्याच घरी लावावा लागला. आमच्या तिरल्याच्या घरात जी वंशावळ आहे, तिच्यात एका भावाच्या नावापुढे फक्त 'देशांतरी' एवढा शब्द आहे. इतरांची मृत्युतिथी दिलेली आहे, त्याची नाही. १८५८ नंतरच्या एका यादीत त्याच्या नावासारखेच नाव मिळाले. वय जुळत होते. प्रांत 'माळवा' लिहिला होता. काकांना आनंद झाला. आता तिथी लावू, असे ते म्हणाले. पण बापाचे नाव वेगळे होते, आणि उच्चाराच्या कितीही ओढाताणीने ते आमच्या वंशावळीतल्या नावाशी बसेना. तो कोणा दुसऱ्या घरचा मुलगा होता. त्याला आमचा म्हटले असते तर आमची रिकामी जागा भरली असती, पण त्याच्या घरची कायमची रिकामी राहिली असती. आमच्या वंशावळीत 'देशांतरी' हा शब्द आहे तसाच ठेवला.

पूर्वीच्या लोकांनाही अशी रिकामी जागा ठाऊक होती. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता आली नाही, तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, असा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला आहे. तोवर बायकोचे कुंकू, भावांची वाटणी, मुलांची लग्ने सारे अधांतरी राही. समुद्रापारच्या वहीतली एक ओळ तेव्हा गावात पोचली असती, तर किती घरांचा जीव खाली पडला असता!

गुन्ह्याचा रकाना

शोध लागला तरी एक परीक्षा उरते. वहीत 'गुन्हा' असा रकाना असतो. तिथे 'बंड' निघाले तर घराची मान उंचावते. 'दरोडा' निघाला तर कागद घडी घालून ठेवला जातो. इथेही शब्द तपासावेत. मराठी कागद बंड, पुंडावा, दरवडा, लूट असे निरनिराळे शब्द वापरतो. इंग्रजी रकान्यात त्यांतले बरेच 'डकैती'त विलीन होतात. निमाडचे भीमा नाईक इंग्रजांच्या लेखी लुटारूच होते. १८७६ मध्ये पोर्ट ब्लेअरला त्यांचा मृत्यू झाला आणि आज आपण त्यांना हुतात्मा म्हणतो. उलट, ज्याने खरोखर शेजाऱ्याचे घर फोडले त्याला उगाच क्रांतिकारक करू नये. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. एका सरकारने रकाना भरताना सरसकट अन्याय केला, म्हणून आपण तो पुसताना सरसकट गौरव करावा, हे बरोबर नाही. चोर निघाला तरी तो आपला पूर्वजच असतो. त्याने भोगलेली शिक्षाही खरीच असते.

वर्गात करण्याजोगे

अंदमानात सुटून तिथेच राहिलेल्या कैद्यांची मुलेबाळे स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. त्यांची बोली हिंदुस्थानी झाली, आडनावे विरली. त्यांच्यातही आपले मूळ गाव शोधणारे आहेत. त्यांच्या हाती असते ते मोडक्या स्पेलिंगमधले एखादे ग्रामनाम. ते नाव ओळखणारा कान इथेच, या गावांत आहे.

म्हणून शिक्षकांना माझी तीन कामांची सूचना आहे. एक : आपल्या तालुक्यातली सगळी गावे, वाड्या आणि पाडे यांची नावे गावकऱ्यांच्या उच्चारात लिहून घ्यावीत आणि जुन्या इंग्रजी लेखनात ती कशी दिसतील याचे पर्याय मुलांकडून काढून घ्यावेत. दोन : घरोघरीच्या मोडी वंशावळी, सनदा आणि पावत्या मुलांनी वाचाव्यात, कागद घरातच राहू द्यावा, प्रत तेवढी करावी. तीन : 'देशांतरी', 'परागंदा', 'बेपत्ता' असे शेरे जिथे दिसतील त्यांची वेगळी यादी ठेवावी. त्यावर अंदाज लिहू नये. नाव, बाप, गाव आणि सन एवढेच लिहावे.

ही यादी चार पानांची झाली तरी पुरे. समुद्रापलीकडून कोणी विचारीत आले, तर निदान जुळवून पाहायला आपल्याकडे काही असेल.