बोट सरळ राहील, पण बाईचं काम थांबेल का?

अगं, थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या बोटाच्या स्प्लिंटचं तुझं ड्रॉइंग पाहिलं. फोनवर तू इतकी रंगात आली होतीस की मध्ये तोंड घालवेना, म्हणून आता सावकाश लिहितेय. स्प्लिंट छान दिसतेय. हलकी आहे, बोटाच्या मापाची आहे, जाळी ठेवलीस म्हणून घामही सुकेल. पण ती नेमकी कशासाठी? ‘मोडलेल्या बोटासाठी’ म्हणशील, तर ते मला पुरणार नाही.

हाडाला नुसता तडा असेल आणि ते जागचं हललं नसेल, तर आम्ही ते बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतो आणि हलतं ठेवतो. बोटाच्या मुळाकडचं हाड मोडलं असेल, तर मुळाचा सांधा 70 ते 90 अंश वाकवायचा आणि पुढचे दोन सरळ ठेवायचे. मुळाचा सांधा सरळ ठेवून तीन-चार आठवडे बांधलास, तर बाजूचे बंध आखडतात आणि पुढे मूठच मिटत नाही. हाड बहुतेकदा जुळतं गं, सांधा हटून बसतो. आणि मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल, तर हाड पिळून बसलंय. तिथे तुझी स्प्लिंट बाजूला ठेवायची आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवायचं.

म्हणून एकच दुखणं धर. मॅलेट फिंगर घे. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, किंवा गादीखाली चादर खोचताना बोट मुडपतं, आणि टोक सरळ करणारी नस (टेंडन) तुटते. कधी हाडाचा कपचाही निघतो, म्हणून एक्स-रे आधी. टोक खाली लोंबतं, फारसं दुखत नाही, म्हणून बाया ते अंगावर काढतात. उपाय म्हटला तर सोपा: शेवटचा सांधा 6 ते 8 आठवडे रात्रंदिवस सरळ ठेवायचा, मधला मोकळा सोडायचा. पण या काळात टोक एकदा जरी वाकलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

खरी गोम इथेच आहे. बाजारात मिळणारी स्टॅक स्प्लिंट बोट सरळ ठेवतेच. ॲल्युमिनियमची फोमवाली पट्टीही ठेवते. ती हातातून उतरते कधी, ते बघ. सकाळी भाकरीचं पीठ मळताना, भांडी घासताना, गोठ्यात शेण काढताना. फोम भिजला की दिवसभर ओलाच राहतो, खालची कातडी पांढरी पडून सोलते, वास मारतो. मग बाई पट्टी काढून कोनाड्यात ठेवते आणि वावरात जाते. आपल्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची शेतातली पूजा, झालं की वेचणी सुरू, आणि वेचणीत पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढायला बोटांची टोकंच लागतात. तुझ्या ड्रॉइंगात वेल्क्रो आहे ना? कापसाचे तंतू त्यात असे गुंततात की आठवडाभरात ते धरेनासं होतं.

तेव्हा बोट धुताना सरळ कसं राहील, याचा विचार आधी कर. मला वाटतं, दोन भाग कर: एक वरून, एक खालून. एक काढून धुतला, तरी दुसरा बोटाला धरून असला पाहिजे. एका हाताने जमलं पाहिजे, कारण दुसरा हात तर आजारी आहे. सूज पहिल्या काही दिवसांत उतरते आणि स्प्लिंट सैल होते, तेव्हा आवळायची सोय ठेव. नख उघडं राहू दे, दाबून सोडल्यावर लाली लगेच परत येते का ते बघता येतं. आणि बोट उलटं ताठ करू नकोस, सांध्यावरची कातडी पांढरी पडली तर रक्त अडतंय. पीएलए प्लास्टिक वापरणार असशील, तर ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत विसरलेली स्प्लिंट वाकडी होऊ शकते.

हाडवैद बांबूच्या कामट्या आवळून बांधतो, त्याला आपण नावं ठेवतो. फार आवळल्याने बोटं काळीनिळी पडतात, म्हणून ठेवावीच. पण कामटी घरात मिळते, फुकट असते, हे तुझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना सांग. तुझ्या स्प्लिंटची किंमत त्या कामटीशी ताडून बघणार आहेत लोक.

माझ्या विद्येतलं कमला निंबकरांचं नाव तू ऐकलं नसशील. अमेरिकेत जन्मल्या, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या, आणि 1950 साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, देशातली पहिली. आमच्या विद्येत हाताचं माप घेण्याआधी विचारतात, हा हात दिवसभर करतो काय? तू कॅलिपरने सुरुवात केलीस.

रविवारी खामगावला ये. येण्याआधी नमुना स्वतःच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर चढव आणि पीठ मळ, सलवारची नाडी बांध, रात्री घालूनच झोप. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र कुणा दुखणाइताच्या बोटावर चढवू नकोस. आणि पांढऱ्या रंगात छापू नकोस, एका फोडणीच्या हळदीने पिवळी होईल.