डावा कान

मिरज,
रविवार, रात्री साडेदहा

चि. बाळूस,


ताईचा फोन ठेवला आणि तसाच लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, "हो मामा, बघतो मामा" म्हणून मोकळा होतोस. म्हणून पत्र. काम चालू असेल तर बंद कर आणि पूर्ण वाच.

तुझ्याबरोबर खोलीत राहणारा तो मुलगा परवा ताईशी बोलला. त्याच्यावर चिडू नकोस, तिनेच खोदून खोदून विचारलं. तीन आठवडे झाले म्हणे, तुझ्या उजव्या कानात शिट्टी वाजते आहे. झोप लागत नाही म्हणून मोबाइलवर पावसाचा आवाज लावून निजतोस. डॉक्टरची वेळ दोनदा घेतलीस, दोनदा मोडलीस. वर त्या मुलाला दम दिलास, की मालिकेचे आठही भाग हातावेगळे होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही.

खरं आहे का हे? मला विचारशील तर खरंच असणार. दसऱ्याला आलास तेव्हा तू फोन डाव्या कानाला धरत होतास. लहानपणापासून उजव्याला धरणारा मुलगा तू. सोनं द्यायला वाकलास, तेव्हा मी उजव्या बाजूने काहीतरी पुटपुटलो, ते तुला कळलं नाही. माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसलो. प्रवासाचा शीण असेल, अशी माझी मीच समजूत घातली. ती चूक माझी.

पण तुझी चूक त्याहून मोठी आहे. हात मोडला असता तर असा लपवला असतास? गवंड्याचा ओळंबा तुटला तर तो भिंत चढवत नाही, आधी ओळंबा दुरुस्त करतो. आणि तू तुटक्या कानाने रात्रीचे तीन-तीन वाजेपर्यंत हेडफोन लावून बसतोस. उजव्या कानाला कमी येतं म्हणून आवाज वाढवतोस, हेही मला माहीत आहे. कुणी सांगायला नको. मी तेच केलं होतं.

मी इथल्या डॉक्टरांना विचारून आलो. तुझं नाव सांगितलं नाही, भाचा एवढंच म्हणालो. त्यांनी कागदावर आकडे लिहून दिले. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसाचे ८ तास झेपतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला ४ तास, ९१ ला २. असं करत १०० ला पोहोचलास, की उरतात फक्त १५ मिनिटं. तू किती वेळ बसतोस? कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एकेका कानात साधारण १५ हजार. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. अचानक एका कानाचं ऐकू येणं कमी झालं तर पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होतो, जितका उशीर तितकी आशा कमी. तुझे तीन आठवडे गेले. म्हणून आता एक दिवसही नको.

तू सांगशील, मामा, मुदत आहे. दिग्दर्शकाने संकलनाच्या वेळी कुठल्या तरी परदेशी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवलंय, ते त्याच्या कानात बसलंय, आणि आता त्याला तसंच हवंय पण तेच नकोय, तू सहाव्यांदा बदलून देतो आहेस. दसऱ्याला जेवताना हे सगळं तू सांगितलंस. मला कळतं. थांबलास तर दुसरा कुणी येईल, ही भीतीही कळते. ती खोटी नाही. वनराज भाटियांसारखा माणूस, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलाँजे यांच्याकडे शिकून आलेला, 'अंकुर'पासून बेनेगलांच्या इतक्या चित्रपटांना, 'तमस'ला, 'भारत एक खोज'ला संगीत दिलेला. पद्मश्री मिळाली. आणि शेवटच्या दिवसांत त्यांना पैशांची चणचण आहे, अशी बातमी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा माझं दोन दिवस जेवणावरून मन उडालं होतं. या धंद्यात माणसाला धरून ठेवणारं कुणी नसतं. पण म्हणूनच तर सांगतो, बाळू. आपल्याजवळ आपलं म्हणावं असं कान हे एवढंच असतं. त्यावरच घाव घालून घेऊ नये.

आता जे लिहितो ते ताईला ठाऊक नाही. तुझ्या मामीलाही पूर्ण ठाऊक नाही.

मी मुंबई का सोडली, हे तुला लहानपणापासून एकाच तऱ्हेने सांगत आलोय. की सिंथेसायझर आला, वीस व्हायोलिनांच्या जागी एक माणूस दोन हातांनी वाजवू लागला, आमचे कॉल बंद झाले. ते झालं, खोटं नाही. पण माझं काम त्याच्या तीन वर्षं आधीच गेलं होतं.

बॅकग्राउंडचं रेकॉर्डिंग तेव्हा कसं चालायचं, तुला सांगितलंय. समोर पडद्यावर रीळ चालू, हजार फुटांचं, अकरा मिनिटांचं. पडद्याकडे तोंड करून कंडक्टर, आणि आम्ही साठ-सत्तर माणसं स्टँडसमोर. माझ्या पाठीमागे दोन हातांवर ट्रम्पेट. व्हायोलिन तर डाव्या कानाखालीच असतं. मारामारीचं रीळ असलं की दिवसभर डाव्या बाजूने स्वतःचं आणि मागून पितळेचं. कामाच्या आठव्या-नवव्या वर्षी माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजू लागली. मी कुणाला सांगितलं नाही.

माझ्या स्टँडवर गोव्याचे एक काका बसायचे. एका स्टँडवर दोघं, पानं तेच उलटायचे. आधी त्यांच्याच लक्षात आलं. वरच्या जागांवर गेलो की माझा सूर किंचित चढायचा आणि ते मला ऐकू यायचं नाही. ते म्हणाले, कान दाखवून ये. मी त्यांना तोडून बोललो. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी त्यांना म्हणालो, तुमचं तुम्ही बघा. त्यानंतर ते मला कधी काही बोलले नाहीत. पण वरच्या जागा आल्या की ते जरा जास्त जोर लावून वाजवायचे. मला वाटायचं, म्हातारपणी हात जड झाला. ते माझ्यासाठी वाजवत होते रे. त्यांच्या सुराला धरून मी यावं म्हणून. दोन वर्षं त्यांनी मला असं निभावून नेलं.

मग ते निवृत्त होऊन गावी गेले. १९८९ सालची गोष्ट. एक हळुवार जागा होती, मरणानंतरच्या शांततेची, नुसती व्हायोलिनं. टेक झाला. आतून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, मागे कुणाचा तरी सूर चढतोय. पुन्हा टेक. पुन्हा तेच. मग कंडक्टरने एकेका स्टँडला वेगळं वाजवायला लावलं. सगळा हॉल ऐकतोय. माझी पाळी आली, मी वाजवलं, आणि बाळू, मला ते सुरात वाटलं. मी मान वर केली तर सगळे खाली बघत होते.

कुणी अपमान केला नाही. चहाची सुट्टी झाली, नंतर मला म्हणाले, आज तुम्ही आराम करा. पुढे कॉल येईनासे झाले. मी घरी सांगितलं, काम कमी आहे. पुढे खरोखरच सगळ्यांचं कमी झालं आणि माझं खोटं झाकलं गेलं.

त्या काकांना मी पत्र लिहिणार होतो. आज लिहू, उद्या लिहू. ते गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. आज तुला हे पत्र एका बैठकीत लिहितोय, त्याचं कारण तेही असेल.

म्हणून तू "काही नाही रे मामा, थकवा आहे" म्हणालास की माझ्या पोटात गोळा येतो. हेच शब्द माझेही होते.

तू म्हणशील, बेथोव्हन बहिरा होता. स्मेतानालाही ऐकू येईनासं झालं, कानात वाजणारा तीव्र स्वर त्याने आपल्या चौकडीच्या संगीतात पहिल्या व्हायोलिनला लांब धरायला लावला. ठाऊक आहे, मी तो भाग घरी वाजवून पाहिलाय, आणि वाजवताना घाम फुटला. पण त्यांना मनात ऐकून कागदावर उतरवायचं होतं. तुझं काम निराळं. तुला नटाचा श्वास, दाराची कडी, लांबून जाणारी रिक्षा, या सगळ्यांच्या मध्ये जागा कुठे आहे ते ऐकायचं असतं. 'पथेर पांचाली'त हरिहर परत येतो, दुर्गेसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो, आणि सर्बजया कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण रडण्याचा आवाज येत नाही. येते दक्षिणामोहन टागोरांची तार शहनाई. रविशंकरांनी त्या चित्रपटाचं संगीत एका रात्रीत केलं, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, की आईचं रडणं काढून घ्यायचं हे कुणाच्या तरी कानाला ऐकू आलं.

आणि मोरिकोनेच्या संगीताचा तो चित्रपट तूच गणपतीत मला लॅपटॉपवर दाखवलास, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. सुरुवातीला स्टेशनवर तीन माणसं गाडीची वाट बघतात. संगीत नाही. पवनचक्की करकरते, एकाच्या टोपीवर पाणी टपकतं, माशी घोंगावते. मी विचारलं, संगीत कधी सुरू होणार? तू म्हणालास, "मामा, झालंय की सुरू." मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला, पण बोललो नाही. मोरिकोनेला ८७ व्या वर्षी स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं, रे. ८७. तू तिशीचा आहेस. पुढची पन्नास वर्षं त्या माशीचा आवाज तुला ऐकू यायला हवा.

परवा मी आपल्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो, उगीच. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. तू लहानपणी तासन्तास बसायचास तिथेच. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग पुन्हा कानस. जवळजवळ तासभर मी बघत होतो. बाहेर वरात गेली, बँड कडाडत होता, तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली आणि वरात लांब जाईपर्यंत हात बांधून बसून राहिले. गिऱ्हाईक घाई करत होतं, तरी. त्यांना शाळेत हे कुणी शिकवलेलं नाही.

तुला आठवतं का, 'श्वास' लागला होता तेव्हा मी तुला नेलं होतं? २००४. तू नऊ वर्षांचा. भास्कर चंदावरकरांचं संगीत आहे म्हणून मला जायचं होतं, तुला घरी कुणापाशी ठेवायचं म्हणून बरोबर घेतलं. त्या पोराचे डोळे काढावे लागणार हे तुला कळलं आणि तू माझा हात सोडेनास. बाहेर आल्यावर विचारलंस, आता तो काय करणार? मी म्हटलं, त्याला कान आहेत ना. घरी येईपर्यंत तू डोळे मिटून चालत होतास, माझं बोट धरून, आणि सांगत होतास, इथे भजीवाला, इथे सायकलचं दुकान, इथे विहीर. एकही चुकला नाहीस. त्याच रात्री मी ताईला म्हटलं होतं, ह्याला संगीतात घाल.

म्हणजे तुला या वाटेला लावणारा मीच. माझा कान मी का गमावला, हे तुला वेळेत सांगितलं असतं तर हेडफोन लावताना तुला ते आठवलं असतं. मी सिंथेसायझरचं नाव सांगत बसलो. रागावलो असेन वर कुठे तर तो राग निम्मा माझ्यावरच आहे, हे समजून घे.

उद्या सोमवार. सकाळी उठून कानाच्या डॉक्टरकडे जा. दिग्दर्शकाला खरं कारण सांग. तो काम काढून घेईल तर घेऊ दे. दोन-चार महिन्यांचं भाडं मी देऊ शकतो, पेन्शन नसली तरी शिकवण्यांचे पैसे येतात, आणि तू ते परत करायचे नाहीस. ताईला मी एवढंच सांगितलंय की तू उद्या जाणार आहेस. मला खोटं पाडू नकोस.

मग महालक्ष्मी एक्सप्रेस पकड आणि दिवाळीला चार दिवस आधीच ये. सकाळी मी स्टेशनवर असेन. गल्लीत फटाके वाजतात, तर मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे, तिथे आवाज येत नाही. मी मुलांना चार दिवस शिकवणीला येऊ नका म्हणून सांगितलंय. मामी टीव्ही लावणार नाही म्हणाली. कोपऱ्यावरच्या मुलांशीही बोलतो, आपल्या घराच्या बाजूला सुतळी बॉम्ब नको म्हणून.

आणि एक. तू पाच वर्षांचा होतास, मामी वरणभात लावत होती, आणि तू पळत येऊन मला म्हणाला होतास, "मामा, कुकर काळी चारमध्ये वाजतोय." मी पेटी काढून पाहिलं, बरोबर काळी चार. माझ्या डाव्या कानातली शिट्टी पांढरी तीनची आहे, व्हायोलिनच्या वरच्या मोकळ्या तारेच्याही तीन सप्तकं वर. इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही, कुणी विचारलंही नाही. तुझी कुठल्या पट्टीत आहे रे? डॉक्टरकडून आलास की मला कळव.

तुझा,
मामा