बटाटा आतून कच्चा का राहतो?

गेल्या डिसेंबरात माझी चांगलीच फजिती झाली, तेथूनच सुरुवात करतो.

मला शाळेत विज्ञान शिकविणारे सर एके दिवशी आमच्या पाटसच्या घरी रात्री जेवायला यायचे होते. नेहमीच्या बटाट्याच्या भाजीऐवजी काही खास करावे, म्हणून ओव्हनमध्ये अख्खे बटाटे भाजण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पानात शोभून दिसावेत म्हणून एकेक पाव किलोच्या वरचे बटाटे निवडले. वेळ थोडा होता, म्हणून ओव्हनचा काटा २५० अंश सेल्सिअसवर नेला. पस्तीस मिनिटांनी बटाटे बाहेर काढले तेव्हा साली जागोजागी करपल्या होत्या. सरांनी बटाटा मधोमध कापला, तर आत पांढराशुभ्र कच्चा गाभा! सर हसून म्हणाले, "काय रे, कॉलेजात उष्णतावहन तूच शिकवतोस ना?"

यावर उत्तर नव्हते. मात्र त्या रात्री वही घेऊन बसलो.

आधी हे पाहू की बटाटा शिजायला उष्णता लागते तरी किती. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, त्यामुळे त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जवळपास, म्हणजे ०.८५ च्या आसपास असते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या गोल बटाट्याचे वजन साधारण १९५ ग्रॅम भरते. तो २५ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तापवायचा तर १९५ × ०.८५ × ७०, म्हणजे सुमारे ११,६०० कॅलरी उष्णता पुरे. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी जेमतेम १२ अंशांनी तापेल! तेव्हा उष्णता कमी पडते असे नाही. अडचण आहे ती तिला आत जाण्यासाठी मिळणाऱ्या वाटेची.

भांड्यातले पाणी तापते ते मुख्यतः अभिसरणाने. तळाचे गरम पाणी वर येते, वरचे गार पाणी खाली जाते. बटाट्यातही पाणीच आहे, पण ते लक्षावधी पेशींच्या कप्प्यांत अडकलेले असते. ते फिरू शकत नाही. म्हणून उष्णतेला कणाकणाने, केवळ वहनाने आत शिरावे लागते, आणि बटाटा हा मोठा मंद वाहक आहे. ॲल्युमिनियमशी तुलना केली तर सुमारे ४०० पट मंद.

वहनाच्या या प्रवासाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेळ हा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उकळत्या पाण्यात ३.५ सेंटिमीटर व्यासाच्या बटाट्याचा मध्यबिंदू ९० अंशांवर यायला गणिताने सुमारे १० मिनिटे लागतात. ७ सेंटिमीटरच्या बटाट्याला सुमारे ४० मिनिटे. (मोठ्या बटाट्याचे वजन मात्र लहानाच्या आठपट असते, हे विसरू नका. आठपट ऐवज चौपट वेळात शिजतो तो कसा, याचा विचार करा.)

हे घरी पडताळून पाहता येईल. एकाच आकाराचे चार-पाच बटाटे उकळत्या पाण्यात सोडा. दर पाच मिनिटांनी एकेक काढून लगेच मधोमध कापा. बाहेरच्या बाजूला किंचित पारदर्शक दिसणारे कडे आणि आत अपारदर्शक पांढरा भाग, असे दोन भाग स्पष्ट दिसतील. साधारण ६० ते ७० अंशांवर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, म्हणून ही सीमारेषा उमटते. ते कडे आत आत सरकताना पाहणे म्हणजे उष्णतेला चालताना पाहणे होय. वर्गात करावयाचा झाल्यास हा प्रयोग एका तासिकेत बसतो. मात्र प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक बटाट्यात खुपसू नका. तो फुटला तर पारा अन्नात जाईल.

आता ओव्हनकडे वळू. तिथली हवा २०० अंशांवर असते, तरी उकळत्या पाण्यापेक्षा ती बटाट्याला उष्णता फार सावकाश देते. उकळत्या पाण्यात बोट घालण्याचे धाडस कोणी करणार नाही, पण तापलेल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालता येतो, त्याचे कारण हेच. म्हणून पाण्यात ४० मिनिटांत शिजणाऱ्या बटाट्याला ओव्हनमध्ये तासभर लागतो. (हवेच्या या कंजूषपणामुळे चौपटीचा नियमही तिथे थोडा सैल पडतो.)

मग काटा २५० वर नेला तर? इथेच मी फसलो. साल ओलसर आहे तोपर्यंत वाफ निघून जाताना उष्णता खर्च होते आणि पृष्ठभाग १०० अंशांच्या फार वर चढत नाही. पृष्ठभाग कोरडा झाला की त्याचे तापमान झपाट्याने वाढते आणि साल करपू लागते. पण तो कोरडा थर आणखीच मंद वाहक असल्यामुळे जादा उष्णतेतला थोडाच भाग आत पोचतो. घाई सालीवर दिसते, गाभ्याला ती कळत नाही.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत आईला सांगितली. ती म्हणाली, "अरे, हुरड्याच्या आगटीत बटाटे निखाऱ्यावर टाकतो का आपण? राखेत पुरतो. आणि बारकेच घेतो." दौंड-शिरूरकडे थंडीत हुरड्याच्या वेळी रताळी-बटाटे भाजलेले ज्यांनी खाल्ले असतील त्यांना हे पटेल. निखाऱ्यांची धग प्रारणाने थेट सालीवर येते. राख मधे आली की ती धग मंदावते आणि सर्व बाजूंनी सारखी लागते. माझी दोन पानांची आकडेमोड आईने दोन वाक्यांत उरकली होती.

मंद आचेचा असाच एक किस्सा काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाचा आहे. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्यांचा १७९८ सालचा निबंध तुम्ही पुढे अभ्यासालच. म्युनिक येथे त्यांनी बटाटे वाळविण्याचे एक यंत्र केले होते. त्यात मांस भाजते का पाहावे म्हणून एक तुकडा ठेवला. तीन तासांनी पाहिले तर तो शिजलेला नव्हता. आच पुरेशी नाही असे समजून त्यांनी नाद सोडला. तुकडा रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी उत्तम शिजलेला निघाला!

तर मग मोठा बटाटा पानात हवा आणि आतून शिजलेलाही हवा, हे कसे जमावे? अंतर कमी करून. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या हॅसलबॅकन या उपाहारगृहाच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार आहे. बटाट्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन मिलिमीटरच्या अंतराने उभ्या चिरा देतात, पण तळ अखंड ठेवतात. भाजताना चिरा उघडतात आणि बटाटा जपानी पंख्यासारखा दिसतो. ९ सेंटिमीटर लांबीच्या लांबट बटाट्याचे पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर असते. त्याला २५ चिरा दिल्या की आणखी सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा पडतो! शिवाय चीर उघडली की उष्णतेला दोन-तीन सेंटिमीटरऐवजी दोन-एक मिलिमीटरच आत जायचे असते.

बटाटे निवडताना विशिष्ट गुरुत्वाचा उपयोग होतो. एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवा; या द्रावणाची घनता सुमारे १.०७५ होते. त्यात बुडणारा बटाटा स्टार्चने भरलेला असतो आणि भाजल्यावर भुसभुशीत होतो. तरंगणारा बटाटा चिकट राहतो; तो रस्सा भाजीला ठेवा. मंचरच्या बाजूचे बटाटे आमच्याकडे येतात, त्यांतही एकाच पिशवीत दोन्ही तऱ्हा निघाल्या. हिरवट बटाटा मात्र कशालाच घेऊ नये. त्यातले सोलॅनिन हे विषारी द्रव्य नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही.

कृती अशी. बटाटे घासून धुवा, साल ठेवा. दोन लाकडी पळ्यांच्या दांड्यांमध्ये बटाटा ठेवून चिरा द्या, म्हणजे सुरी दांड्यांवर अडते आणि तळ कापला जात नाही. दहा मिनिटे गार पाण्यात ठेवा. कापलेल्या पृष्ठभागावरचा स्टार्च धुऊन निघतो आणि चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. नीट पुसून कोरडे करा, कारण उरलेले पाणी उडविण्यातच ओव्हनची उष्णता जाईल. पातळ तूप, ठेचलेला लसूण व मीठ लावून २०० अंशांवर ठेवा. अर्ध्या तासाने चिरा उघडलेल्या दिसतील. तेव्हा पुन्हा तूप सोडा, म्हणजे ते आत उतरते. एकूण ५० ते ६० मिनिटे लागतात. ॲल्युमिनियमच्या कागदात मात्र गुंडाळू नका. तो प्रारण परतवतो आणि वाफ कोंडतो, मग बटाटा भाजण्याऐवजी वाफवला जातो.

कडांना येणारा सोनेरी रंग आणि खमंग वास साखर व ॲमिनो आम्लांच्या अभिक्रियेतून येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. तिला साधारण १४० अंशांच्या पुढे वेग येतो, म्हणून उकडलेल्या बटाट्याला हा वास कधीच येत नाही. पण रंग सोनेरीच राहू द्या. फार तपकिरी झालेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य तयार होते, असे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातल्या थोड्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे तो लवकर काळपटतो.

फेब्रुवारीत सरांना पुन्हा बोलावले. या वेळी पानात पंखे उलगडलेले बटाटे होते. सरांनी चकत्या मोजल्या, चोवीस भरल्या. मग एक चकती तोडून खाल्ली आणि विचारले, "यातला कुठला भाग सर्वांत शेवटी शिजतो, सांग बरं?"

तळाचा अखंड भाग, सर. सुई तिथेच टोचून पाहिली होती.