पुठ्ठा टिकवायला जाऊ नका

मांजरासाठी पुठ्ठ्याचं घर, मनोरा किंवा नखं घासायची पाटी करणार असाल, तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही वस्तू खपण्यासाठी करायची असते, टिकण्यासाठी नव्हे. आमच्या ठाण्याच्या घरात चिंगी आणि तिचा थोराड मुलगा बोकोबा अशी दोन मांजरं आहेत, आणि त्यांचं सामान मी बरीच वर्षं घरीच करतो. या काळात आमच्याकडे जे जे बिघडलं, त्यातलं फार थोडं पुठ्ठ्यामुळे बिघडलं. बाकीचं सगळं तो जास्त दिवस चालावा म्हणून त्याला जे लावलं, गुंडाळलं किंवा फवारायला घेतलं, त्यातून उद्भवलं.

खोकी मिळायला अडचण नाही. किराणावाला देतो, औषधांच्या दुकानातून तर कोरी करकरीत मिळतात. मात्र धुण्याची पावडर, फिनेल, उदबत्ती यांची खोकी घेऊ नका. तो वास पुठ्ठ्यातून जात नाही, आणि पुठ्ठ्यावर जे असतं ते मांजराच्या पंज्यांना लागून, चाटण्यातून थेट त्याच्या पोटात जातं. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या उत्तम. दणकट असतात आणि हवेसाठी भोकं आयतीच पाडलेली असतात. फक्त आतला पेंढा काढून टाका आणि रसाचे डाग पाहा, नाहीतर मांजराआधी मुंग्या राहायला येतात. काही खोक्यांना जाड तारेच्या पिना मारलेल्या असतात, त्या एकेक करून पक्कडीने उपटा. चिकटपट्टी पूर्ण सोलून काढा. थर्माकोलचे तुकडे आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या खोक्यात राहिल्या नाहीत ना, तेही बघा.

आता मनोऱ्याविषयी. आमचा पहिला मनोरा खोकी आडवी पाडून, तोंडं पुढे ठेवून, एकावर एक रचलेला होता. आडव्या खोक्याला दार आयतंच मिळतं, म्हणून बहुतेक जण असाच करतात. बोकोबाने कपाटावरून त्यावर उडी घेतली, मधलं खोकं पिचकलं आणि सगळा डोलारा त्याच्यासकट खाली आला. डॉक्टरांनी पाय चाचपून पाहिला. हाड शाबूत होतं, पण पुढचा पाय तो काही दिवस उचलून धरत होता.

कारण पुठ्ठ्याच्या पोटात असतं. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद असतो आणि त्याच्या नळ्या एकाच दिशेला धावतात. नेहमीच्या खोक्यात त्या उभ्या असतात, म्हणून ते उभं असताना चांगला भार घेतं. तेच आडवं पाडलं की बाजूच्या भिंतींतल्या नळ्या आडव्या होतात आणि भिंत सहज दुमडते. म्हणून खोकं उभंच ठेवा आणि भिंतीत दार कापा. दार कोपऱ्यापासून लांब हवं, कारण बहुतेक भार कोपरेच पेलतात. कमानीच्या आकाराचं, साधारण १५ ते १८ सेंटिमीटर रुंद दार पुरतं. मांजरं एकाहून जास्त असतील तर मागूनही एक वाट ठेवा. आत कोंडलेलं मांजर पंजा आधी चालवतं. वरच्या खोक्याखाली पूर्ण मापाचा दुहेरी पुठ्ठा घाला, एका थराच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी १९७० च्या सुमारास पुठ्ठ्याच्या खुर्च्या केल्या, त्याही थरांच्या दिशा अशाच आलटूनपालटून. मनोरा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा आणि मांजराच्या उडीचा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो हे लक्षात घेऊन दोन मजल्यांवर थांबा.

एवढं सगळं नीट केलं तरी जून येतोच. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याच्या खोक्याची भार पेलण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि कोकणपट्टीत पावसाळाभर हवा अशीच असते. मेमध्ये ठणठणीत असलेला मनोरा जुलैत डुगडुगतो. शिवाय पुठ्ठ्याचे थर कारखान्यात स्टार्चने, म्हणजे एक प्रकारच्या खळीनेच, चिकटवलेले असतात. झुरळांना आणि कसरीला नळ्यांत घर आणि खळीत जेवण, दोन्ही एकाच जागी मिळतं. आमच्याकडे खोकं उचललं तर खालून तपकिरी पिल्लावळ पळाली.

खरा धोका इथे सुरू होतो. आई म्हणाली, “अरे, दोन डांबरगोळ्या टाक आत.” बायकोने झुरळांचा फवारा काढला. शेजारच्या काकूंचा सल्ला फिनेलने पुसून घेण्याचा होता. बोकोबाच्या पायासाठी डॉक्टरांकडे जायचंच होतं, म्हणून सहज विचारलं, तर त्यांनी तिन्ही उपायांना हात जोडले. फिनेलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनने रक्तपेशी फुटू शकतात. अनेक कीटकनाशकांत आणि कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला थरथर सुटते, झटके येतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून पुठ्ठ्यावर काहीही फवारायचं नाही, आतही काही ठेवायचं नाही. कीड दिसली की ते खोकं बांधून त्याच दिवशी घराबाहेर. नवं खोकं कुठल्याही किराणावाल्याकडे फुकट मिळतं.

वॉर्निश आणि रंगाचंही तेच. त्यांनी ओल थोडी अडते, पण नखाने सुटलेले पापुद्रे मांजर गिळतं. चपला चिकटवायचा पिवळा, उग्र वासाचा गोंद वापरू नका. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. तो थेंबाथेंबाने, आतल्या बाजूने लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजराला लांब ठेवा. घरी शिजवलेली खळ विषारी नाही, पण ती झुरळांना आवतण देते.

दोऱ्याबाबत सगळ्यात जास्त सांभाळा. खांबाला सुतळी गुंडाळण्याची हौस अनेकांना असते. सुतळी सुटते आणि तिचे धागे निघतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. लांब दोरा आतड्यात अडकला की आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि पोट उघडावं लागतं. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. दोर लावायचाच असेल तर जाड काथ्याचा लावा, टोकं आत खोचा आणि तो कुठे उसवतोय का ते रोज पाहा. आम्ही दोर बंदच केला.

त्याऐवजी नखांसाठी पाटी करा. पुठ्ठ्याच्या ६ सेंटिमीटर रुंद पट्ट्या नळ्यांना काटकोनात कापा, म्हणजे पट्टी उभी केली की नळ्यांची तोंडं वर येतात. मांजराला नखं रुतवायला हीच बाजू लागते. सपाट बाजूवर ती घसरतात. साधारण ५० बाय २५ सेंटिमीटरच्या उथळ खोक्यात पट्ट्या इतक्या गच्च बसवा की उलटं केलं तरी पडू नयेत. मग गोंद जवळजवळ लागतच नाही. एक बाजू झिजली की पट्ट्या उलटवा. पाटी सरकत असेल तर मांजर पुन्हा सोफ्याकडे वळतं, तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवा. देवघरातली समई आणि गॅसची शेगडी यांच्यापासून हे सगळं सामान लांब असावं, हे वेगळं सांगायला नको.

टाकून कधी द्यायचं, त्याच्या खुणा सोप्या आहेत: कोपरा दाबल्यावर आत जातो, कुबट वास येतो, काळे ठिपके दिसतात किंवा मांजराने त्यावर मुतलेलं आहे. उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नका. बुरशी वाळते, जात नाही, आणि मुताचा वास राहिला की मांजर तिथेच पुन्हा जातं. कोरडा, स्वच्छ चुरा रद्दीवाल्याला द्या. भिजलेला किंवा घाण झालेला पुठ्ठा रद्दीत मिसळू नका. चांगला कागदही त्याने वाया जातो.

आमच्याकडे आता मेअखेरीला मनोरा मोडतो आणि दिवाळीनंतर नवा उभा राहतो. मधले महिने फक्त पाटी असते, तीही वरचेवर बदललेली. पाहुणे विचारतात, एवढं करून सहा-सात महिन्यांत फेकायचं? हो. पाटीच्या चिंधड्या उडाल्या म्हणजे सोफा वाचला, असा हिशेब मांडा.