रात्री फोन कोण उचलतं, ते आधी विचारा

आण्णांना तोंडाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. बारामती जवळ, पुणं लांब. म्हणून घरी येऊन सेवा देणारी एक संस्था गाठली. माणसं गोड बोलायची, फाईल टापटीप असायची. तीत रोज एकच नोंद: ‘वेदना नियंत्रणात’. आण्णा मात्र रात्री दोननंतर खाटेची कड धरून बसलेले असायचे. दुखतं का, हे विचारलं जायचं आम्हाला, तेही दुपारी.

दुखणं ज्याचं त्यालाच विचारलं पाहिजे. बोलता येत नसेल तर शून्य ते दहा बोटांवर दाखवता येतं. रात्रीचा आकडा वेगळा विचारायचा. सेवा ठरवण्याआधी हे पाहा, आणि रात्री फोन कोण उचलणार, त्याचं नाव मागून घ्या.

दुसरं, मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध. २०१४ साली कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं, तरी गावोगाव मिळत नाही. बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधीच चौकशी करा: लिहून कोण देतं, मिळतं कुठे? साधी गोळी बहुधा दर ४ तासांनी, घड्याळ बघून द्यायची असते. कळ यायची वाट बघायची नसते. सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. ‘सवय लागेल’ म्हणून नातेवाईक अडवतात. शेवटच्या दुखण्यातल्या माणसाला त्या भीतीपायी तळमळत ठेवणं मला क्रूर वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त सलतो तो जखमेचा वास. भेटायला आलेली माणसं अंगणातूनच परतायची, आणि आण्णांना ते कळायचं. ते तोंडावर उपरणं धरून भिंतीकडे वळायचे. अशा वासावर मेट्रोनिडॅझोल उपयोगी पडतं. डॉक्टर सांगतील तशी गोळीची पूड जखमेवर लावतात. स्वस्तातलं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध. आम्हाला हे फार उशिरा कळलं, तेही पुण्यातल्या एका नर्सताईंकडून. जी सेवा जखम पुसते पण वासाबद्दल अवाक्षर काढत नाही, तिला मी चांगली म्हणणार नाही.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची अशी काळजी मोफत घेतं. घरच्यांनाही तिथे शिकवतात: तोंड कसं पुसायचं, कूस कशी बदलायची. शेवटपर्यंत तिथेच राहावं लागतं असं नाही. थोडे दिवस राहून, शिकून घरी परतता येतं.

तेराव्यानंतर त्या संस्थेचा अभिप्रायाचा कागद आला. भाऊ म्हणाला, गेलेल्या माणसामागे तक्रार कशाला, सगळीकडे ‘उत्तम’वर खूण कर. बहुतेक घरांत असंच होत असणार. मदतीला कुणी आलं याचेच उपकार इतके वाटतात. किती वाजता फोन केला आणि किती वाजता माणूस आला, याला त्या कागदावर रकानाच नव्हता. मी ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, वासाचंही लिहिलं, आणि खाली सही केली.